पोते आणि चोपडी



कामगार संघटनेचा कार्यकर्ता व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनसवर, महागाईभत्त्यावर किंवा किमान वेतनावर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते आणि ती बहुधा खरीही ठरते. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "लोड बॅलन्सर आणि अनेक यंत्रांत विभागलेले डेटाबेस." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी अदबीने विचारले, "लोकांना कळेल ना, आप्पा?" मी त्यांना सांगितले की ज्या गोष्टीचा जाच लोकांना रोज सोसावा लागतो ती त्यांना कळलीच पाहिजे, न कळण्याइतकी ती अवघडही नाही.

मी सातवीपुढे शाळेत गेलेलो नाही. जे थोडेफार शिकलो ते युनियनच्या कचेरीत, रात्री, दुसऱ्यांनी वाचून ठेवलेल्या पुस्तकांतून आणि आमच्याच पोरांना प्रश्न विचारून विचारून. तेव्हा विद्वत्तेचा आव आणणे मला परवडणारे नाही. आपल्या परिचयाच्या गोष्टींवरूनच मी पुढे जाणार आहे.

आज जळगावात काय किंवा धुळ्यात काय, एक शब्द घरोघर पोहोचला आहे. तो शब्द म्हणजे "सर्व्हर डाऊन". रेशनच्या दुकानात म्हातारी आपला अंगठा पाच वेळा यंत्रावर टेकवते आणि दुकानदार म्हणतो, "माय, सर्व्हर डाऊन शे." बँकेत तेच, सातबाऱ्याच्या उताऱ्याला तेच, शिष्यवृत्तीच्या अर्जाला तेच. पूर्वी "साहेब दौऱ्यावर आहेत" हे वाक्य जे काम करीत असे, ते काम आता हे दोन शब्द करतात. फरक एवढाच की साहेब कधीतरी दौऱ्यावरून परत येत आणि त्यांना गाठून जाब विचारता येत असे. हा सर्व्हर कोण, तो कोठे असतो, तो खाली का पडतो, आणि पडला तर दोष कोणाचा, हे कोणीच सांगत नाही. त्या दोन शब्दांच्या मागे काय आहे, ते आज आपण पाहू.

प्रथम भाराचे वाटप पाहू. सावद्याला केळीची वॅगन भरताना किंवा मार्केट यार्डात धान्याचा ट्रक रिकामा करताना आपण हमालांची टोळी पाहिली असेल. टोळीच्या पुढे मुकादम उभा असतो. तो स्वतः पोते उचलीत नाही. कोणते पोते कोणाच्या पाठीवर जाईल ते ठरवतो. लोड बॅलन्सर म्हणजे हाच मुकादम. आपण मोबाइलवरून किंवा खिडकीवरून जी मागणी करतो ती थेट काम करणाऱ्या यंत्राकडे जात नाही. ती आधी या मुकादमाकडे येते आणि तो ती मागणी आपल्या टोळीतील एखाद्या यंत्राकडे पाठवतो. विली तारो नावाच्या फ्रेंच माणसाने लिहिलेला "एचएप्रॉक्सी" हा असाच एक मुकादम २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो कोणालाही फुकट वापरता येतो आणि आजही जगात ठिकठिकाणी राबतो आहे.

मुकादमाच्या वाटपाच्या रीतीही आपल्याच आहेत. पहिली रीत पाळीची: पहिले पोते पहिल्याला, दुसरे दुसऱ्याला, शेवटच्यानंतर पुन्हा पहिल्याला. दुसरी रीत हात मोकळा कोणाचा ते पाहण्याची: ज्याच्याकडे या घडीला सर्वांत कमी काम आहे त्याला पुढचे काम. तिसरी रीत कुवतीची: दणकट गड्याला दोन, तर म्हाताऱ्याला एक. यांखेरीज मुकादमाचे आणखी एक काम असते. तो अधूनमधून प्रत्येकाला हाक मारून पाहतो, "काय रे, आहेस ना?" जो ओ देत नाही त्याच्याकडे तो पोते पाठवीत नाही. यंत्रांच्या दुनियेत याला प्रकृतीची तपासणी म्हणतात आणि ती दर काही सेकंदांनी चालू असते.

आता कोणी म्हणेल, मग अडचण कोठे आहे? यंत्रे वाढवा, मुकादम नेमा, म्हणजे सर्व्हर डाऊन होणारच नाही. मंत्रीही असेच सांगतात, की इतके कोटी खर्चून इतके नवे सर्व्हर घेतले. बंधुभगिनींनो, येथेच लोकांची दिशाभूल होते. पोते कोणाच्याही पाठीवर जाऊ शकते, कारण एका पोत्याचा दुसऱ्या पोत्याशी काही संबंध नसतो. पण अडत्याच्या पेढीवर पोत्याखेरीज दुसरी एक वस्तू असते, ती म्हणजे चोपडी. हमाल पन्नास ठेवता येतात. पण त्याच मालाच्या हिशेबाच्या पन्नास चोपड्या पन्नास माणसे स्वतंत्रपणे लिहू लागली, तर दिवेलागणीला त्या पेढीचे दिवाळे वाजेल. डेटाबेस म्हणजे ही चोपडी. काम वाटणे सोपे. ज्याचे एकच खरे उत्तर असले पाहिजे असे दप्तर वाटणे अवघड. माझ्या बोलण्याचा सगळा गाभा या फरकात आहे.

याचे सर्वांत मोठे आणि जुने उदाहरण आपल्या अंगणातच आहे. भुसावळ हे रेल्वेचे गाव, तेव्हा रेल्वेचे आरक्षणच घेऊ. १९८५ मध्ये नवी दिल्लीला संगणकावर आरक्षण सुरू झाले. पुढे "कॉन्सर्ट" नावाची नवी प्रणाली तयार झाली आणि १९९४ मध्ये ती प्रथम सिकंदराबादला चालू झाली. १९९९ च्या एप्रिलपर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली. त्याआधी एका गावातून दुसऱ्या गावच्या गाडीचे परतीचे आरक्षण मिळवणे म्हणजे काय यातायात होती, ते येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको.

या पाच केंद्रांची रचना कशी केली ते लक्षात घ्या. सगळ्या देशाच्या गाड्यांची एकच चोपडी दिल्लीत ठेवली नाही. तसेच प्रत्येक केंद्रात सगळ्या गाड्यांची वेगवेगळी चोपडीही ठेवली नाही. ढोबळ मानाने सांगावयाचे तर प्रत्येक गाडीची चोपडी एका ठरलेल्या केंद्राकडे ठेवली. जळगावच्या खिडकीवर कोणी दक्षिण रेल्वेच्या गाडीचे तिकीट मागितले, तर ती मागणी तारेवरून चेन्नईच्या दप्तराकडे जाते, तेथे जागा लिहिली जाते आणि उत्तर जळगावला येते. खिडकीवरच्या बाबूला हे काही ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्या आणि दप्तराच्या मध्ये एक वाटाड्या बसवलेला असतो आणि कोणती मागणी कोणत्या चोपडीकडे न्यावयाची ते त्याला ठाऊक असते. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीने तयार केलेला वाटाड्या रेल्वेने यासाठी वापरला. खिडकी, वाटाड्या आणि दप्तर असे तीन थर त्यात होते. आज मोठमोठ्या कंपन्या ज्या रचनेचे पोवाडे गातात ती आपल्या रेल्वेने पंचवीस वर्षांपूर्वीच राबवून दाखवली होती.

आता या वाटाड्याची आणि मघाच्या मुकादमाची तुलना करा. मुकादमाला एवढेच पाहावयाचे होते की कोण मोकळा आहे. वाटाड्याला तेवढ्यावर भागत नाही. चेन्नईचे यंत्र कामात बुडालेले असेल आणि कोलकात्याचे यंत्र रिकामे बसले असेल, तरी चेन्नईच्या गाडीची जागा कोलकात्याकडून लिहून घेता येत नाही. चोपडी ज्याच्या हाती आहे त्याच्याकडेच जावे लागते.

यात एक सवलत मात्र आहे. चोपडीत लिहिणे वेगळे आणि चोपडी वाचणे वेगळे. गाडीत जागा आहे का, एवढेच विचारणाऱ्यांची गर्दी प्रत्यक्ष तिकीट काढणाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठी असते. २०२५ च्या जूनमध्ये रेल्वे मंत्रालयाने जे आकडे सांगितले त्यांत हे स्पष्ट दिसते: त्या वेळची क्षमता मिनिटाला ३२ हजार तिकिटे आणि मिनिटाला ४ लाख चौकश्या अशी होती, नव्या व्यवस्थेत ती दीड लाख तिकिटे आणि ४० लाख चौकश्या अशी करावयाची होती. म्हणजे चौकशीची क्षमता दसपट, तर तिकिटाची सुमारे पाचपट. वाचणाऱ्यांसाठी चोपडीच्या नकला करून ठेवता येतात आणि मुकादम त्या खुशाल वाटू शकतो. नक्कल दोन सेकंद शिळी असली तर बिघडत नाही. जागा दिसते आणि हाती लागत नाही एवढेच होते. तत्काळच्या वेळी सकाळी दहा वाजता आपल्यापैकी अनेकांनी हा अनुभव घेतला असेल. लिहिण्याचे काम मात्र असे वाटता येत नाही.

पण चोपडी एकाच्याच हाती ठेवली आणि तो आजारी पडला तर? म्हणून शहाणे लोक चोपडीच्या दोन-चार प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच वेळी लिहीत जातात. यंत्रांच्या अशा टोळीला क्लस्टर म्हणतात. आणि प्रती आल्या की पाठभेद आले! आपल्या मराठीला हे दुखणे जुने आहे. ज्ञानेश्वरीच्या नकला होता होता त्यांत इतके पाठभेद शिरले की एकनाथ महाराजांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. पोथीच्या बाबतीत तीनशे वर्षे वाट पाहता आली. रेल्वेच्या जागेच्या बाबतीत तीन सेकंदही थांबता येत नाही. तेव्हा कोणती प्रत खरी, हे त्याच क्षणी ठरले पाहिजे.

ते कसे ठरवितात हे वाचले तेव्हा मला मोठी गंमत वाटली, कारण ती आमच्या युनियनचीच रीत निघाली. आमच्या कार्यकारिणीत गणपूर्ती असल्याशिवाय ठराव होत नाही. निम्म्याहून अधिक सभासद हजर असले पाहिजेत. याचे कारण शिस्त एवढेच नाही. भांडून दोन गट वेगवेगळ्या खोल्यांत बसले तरी निम्म्याहून अधिक सभासद दोन्ही खोल्यांत असू शकत नाहीत. म्हणून परस्परविरोधी असे दोन ठराव कधी पास होऊ शकत नाहीत. लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात हेच तत्त्व एका ग्रीक बेटावरच्या काल्पनिक लोकसभेची गोष्ट रचून मांडले आहे. त्या लोकसभेचे सभासद सभागृह सोडून मधूनच उठून जात, तरीही त्यांच्या कायद्याच्या वह्या एकमेकींशी जुळत. २०१४ मध्ये डिएगो ओंगारो आणि जॉन आउस्टरहाउट यांनी "राफ्ट" नावाची अधिक सोपी रीत दिली. तिच्यात यंत्रे मतदान करून आपल्यातला एक पुढारी निवडतात, पुढारीच चोपडीत लिहितो, आणि बहुसंख्य यंत्रांनी नोंद उतरवून घेतली म्हणजे ती पक्की झाली असे मानतात.

म्हणूनच अशा टोळीत यंत्रे बहुधा तीन किंवा पाच असतात. तिघांत बहुमत दोघांचे, म्हणजे एक पडला तरी चालते. चौघांत बहुमत तिघांचे, म्हणजे तेथेही एकच पडलेला चालतो. चौथ्याचा खर्च वाढला आणि धीर वाढला नाही. पाच केले तर दोघे पडले तरी काम चालते. "सर्व्हर वाढवले" असे कोणी सांगितले की मला हा हिशेब आठवतो. या पक्केपणाची किंमतही मोजावी लागते. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईची नोंद दिल्लीच्या प्रतीत उतरवून होकार परत आणावयाचा तर पंधरा-वीस हजारांश सेकंद तरी जातातच. प्रती जितक्या दूर ठेवाव्या तितकी प्रत्येक नोंद सावकाश होते, आणि जवळ ठेवाव्या तर एकाच पुरात सगळ्या बुडण्याचे भय असते.

या टोळीपुढे उभा केलेला मुकादम कसा असावा? "आहेस ना?" एवढे विचारणारा मुकादम येथे उपयोगाचा नाही. त्याने विचारले पाहिजे, "पुढारी तू आहेस का?" पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसाची टोळी चालवणारे लोक हेच करतात. टोळीतील प्रत्येक यंत्रापाशी "पॅट्रोनी" नावाचा एक कारकून बसवतात. मुकादम त्याला विचारतो आणि जे यंत्र "होय, या घडीला मीच पुढारी" असे सांगेल त्याच्याकडेच लिहिण्याचे काम पाठवतो. वाचण्याचे काम बाकीच्यांत वाटतो. काही नवे डेटाबेस असे आहेत की मागणी टोळीतील कोणाकडेही गेली तरी तो ती आतल्या आत योग्य हाती पोहोचवतो. तेथे साधा पाळीचा मुकादमही चालतो. आणि कॅसँड्रासारख्या काही डेटाबेसांत कोणती नोंद कोणाकडे आहे याचा नकाशा मागणारालाच ठाऊक असतो. तेथे मध्ये मुकादम उभा करणे म्हणजे ओळखीच्या गल्लीत वाटाड्या घेण्यासारखे आहे. सारांश, मुकादम कसा हवा हे चोपडी कशी ठेवली आहे त्यावर ठरते. आणि मुकादम एकच ठेवला तर तोच पहिला पडतो. म्हणून मुकादमही दोन लागतात.

हे सगळे नीट केले तरी घात होतो. दोन उदाहरणे सांगतो. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या अमेरिकन कंपनीत नेहमीच्या दुरुस्तीचे काम चालू होते. जगभरचे प्रोग्रॅम लिहिणारे आपले लिखाण या कंपनीकडे ठेवतात. त्या कामात पूर्व किनाऱ्यावरचे तिचे मुख्य केंद्र बाकीच्या जाळ्यापासून तुटले. किती वेळ? फक्त ४३ सेकंद. तेवढ्यात बाकीच्यांनी बहुमताने ठरवले की पूर्वेचा पुढारी गेला, आणि पश्चिम किनाऱ्यावर नवा पुढारी बसवला. तार पुन्हा जुळली तेव्हा असे दिसले की पूर्वेच्या चोपडीत काही सेकंदांच्या अशा नोंदी होत्या की ज्या पश्चिमेला पोहोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेत मधल्या काळात नव्या नोंदी झाल्या होत्या. पुढारी बदलताना बहुमत घेतले होते, पण प्रत्येक नोंद करताना घेतले नव्हते. त्या दोन चोपड्यांचा मेळ घालून गाडी पूर्ववत रुळावर येण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. घाई करून नोंदी गमावण्यापेक्षा सेवा मंद ठेवणे कंपनीने पत्करले, आणि तसे आपल्या अहवालात लिहून प्रसिद्धही केले.

दुसरे उदाहरण ताजे आहे. २०२५ च्या ऐन दिवाळीत, २० ऑक्टोबरला, ॲमेझॉन कंपनीच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात "डायनॅमोडीबी" हा प्रचंड डेटाबेस जगाला सापडेनासा झाला. डेटाबेस धडधाकट होता. चोपडी शाबूत होती. पण तिच्याकडे नेणाऱ्या असंख्य मुकादमांचे पत्ते ज्या यादीत असतात ती यादीच रिकामी झाली होती. ती यादी राखण्याचे काम स्वयंचलित कारकुनांकडे होते. एक मागे पडला होता आणि त्याने जुनी यादी नव्या यादीवर चढवली. दुसऱ्याने ती जुनी म्हणून पुसून टाकली. पुढचा प्रकार तर आम्हा कामगारांना फार ओळखीचा आहे. त्याच दिवशी तेथील भार वाटणाऱ्या एका यंत्रणेच्या प्रकृतीच्या तपासणीत, नुकत्याच कामावर आलेल्या यंत्रांची जोडणी पुरी झालेली नसल्यामुळे, ती घटकेत आजारी तर घटकेत बरी दिसू लागली. मुकादम त्यांना घरी पाठवी आणि पुन्हा बोलावी. अखेर माणसांनी मध्ये पडून ती आपोआप घरी पाठवण्याची रीत काही काळ बंद केली, तेव्हा घडी बसू लागली.

आता मी मुद्द्यावर येतो. तार तुटली आणि दोन्ही बाजूंना एकमेकींची खबर नाही, अशा वेळी यंत्रापुढे दोनच रस्ते असतात. एक, काम थांबवावयाचे आणि म्हणावयाचे, "खात्री नाही, नंतर या." दुसरा, काम चालू ठेवावयाचे आणि चूक झाली तर नंतर निस्तरावयाची. तिसरा रस्ता नाही. एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये हे अनुमान मांडले आणि २००२ मध्ये सेथ गिल्बर्ट आणि नॅन्सी लिंच यांनी ते गणिताने सिद्ध केले. कितीही कोटी खर्च केले तरी ही निवड चुकत नाही. प्रश्न एवढाच उरतो की ती निवड कोणी, कोणासाठी आणि कधी करावयाची.

रेल्वेच्या जागेपुरते उत्तर सरळ आहे. खात्री नसेल तर थांबा. एकच जागा दोघांना विकली तर रात्री दोन वाजता भुसावळच्या फलाटावर मारामारी होईल. तेथे नकार बरा आणि दोनदा दिलेला होकार वाईट.

रेशनचे काय? राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा आहे. प्राधान्य कुटुंबातील माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य हा हक्क आहे. १ जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. समजा तार तुटली आणि दुकानदाराने वहीत नोंद करून धान्य दिले. जास्तीत जास्त काय बिघडेल? एखादा माणूस दुसऱ्या दुकानातून पुन्हा पाच किलो घेईल. चार दिवसांनी चोपड्या ताडून पाहिल्या की ते सापडेल आणि पुढच्या महिन्यात वळते करता येईल. आणि न दिले तर? जिनिंगमध्ये रोजाने जाणारी बाई त्या दिवशीची मजुरी बुडवून रांगेत उभी असते. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा येते तेव्हा दुसरी मजुरी बुडते. बुडालेली ती मजुरी कोणत्याही चोपडीत नोंदलेली नसते. म्हणून ती कधी वळतीही होत नाही. पाच किलो गहू-तांदळाच्या संशयापायी दोन दिवसांची मजुरी, असा हा सौदा आहे.

बँकांनी आपल्या बाबतीत हा विचार केव्हाच केला आहे. ब्रूअर यांनीच एटीएमचे उदाहरण दिले आहे: मुख्य दप्तराशी तार तुटली तरी यंत्राने ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे द्यावयाचे आणि मेळ नंतर घालावयाचा, अशी रचना करता येते. जोखीम मोजून, तिला मर्यादा घालून, ग्राहकाला रिकाम्या हाताने पाठवावयाचे नाही. पैशाच्या व्यवहारात जी सोय योग्य ठरते ती भाकरीच्या व्यवहारात का नसावी?

ही मागणी हवेतली नाही. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवले होते की आधारची पडताळणी जमली नाही एवढ्यासाठी हक्काचे धान्य कोणाला नाकारू नये. २०२४ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात ई-पॉस यंत्रणा अडखळली तेव्हा शासनानेही यंत्राविना धान्य वाटण्यास मुभा दिली. म्हणजे वाट आहे आणि ती चालूनही पाहिलेली आहे. दोष इतकाच की ती मुभा लोक रांगांत ताटकळल्यानंतर आणि ओरड झाल्यानंतर, मेहेरबानी म्हणून मिळाली. ती व्यवस्थेतच आधीपासून लिहिलेली असली पाहिजे.

आम्ही हमालांनी हे एकदा करून दाखवले आहे. पूर्वी मुकादमाच्या मर्जीवर पोते मिळे आणि मर्जीवरच मजुरी. १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला; टोळीची नोंद झाली, मजुरीचा हिशेब मंडळाकडे गेला, वाटपाला नियम आला. मुकादम गेला नाही. तो जबाबदार झाला. या नव्या मुकादमालाही तोच न्याय लावावा एवढेच माझे म्हणणे आहे.

त्यासाठी आपण नागरिकांनी चार गोष्टी मागितल्या पाहिजेत. पहिली, प्रत्येक सरकारी सेवेने आधीच जाहीर करावे की तार तुटली तर ती थांबणार की मर्यादेत चालू राहणार, आणि का. दुसरी, जेथे थांबणेच भाग आहे तेथे खिडकीवर आलेल्याला तारीख-वेळेची चिठ्ठी मिळावी आणि अर्जाची मुदत तेवढ्या दिवसांनी आपोआप वाढावी. यंत्र पडले तर नुकसान मागणाराचे होऊ नये. तिसरी, मोठा बिघाड झाला की काय झाले, का झाले, पुन्हा होऊ नये म्हणून काय केले, याचा अहवाल प्रसिद्ध व्हावा. परदेशी खासगी कंपन्या जे आपल्या गिऱ्हाइकांसाठी करतात ते आपल्या सरकारने मालकांसाठी, म्हणजे आपल्यासाठी, करावयास काय हरकत आहे? चौथी, पुढारी यंत्र मुद्दाम बंद करून दुसरे कामाला लागते की नाही, याची तालीम ठरावीक काळाने दिवसाढवळ्या व्हावी, आणि ती करणाऱ्या माणसांना पुरेशी माणसे, पुरेसा वेळ आणि पुरेसा पगार मिळावा. या यंत्रांपाशी रात्रपाळीत पोरे बसतात. त्यांतली कित्येक कंत्राटावर असतात. चोपडी खरी राहते ती त्यांच्या जागरणावर.

शेवटी दुकानदारांच्या बाजूनेही एक शब्द बोलला पाहिजे. "सर्व्हर डाऊन शे" हे सांगणारा माणूस बहुधा खोटे बोलत नसतो. त्याच्याही हाती त्यापलीकडे काही दिलेले नसते. तेव्हा त्याच्याशी भांडून उपयोग नाही. यापुढे ते दोन शब्द कानांवर आले की आपण शांतपणे विचारावे: थांबावयाचे हे कोणी ठरवले? कोणत्या नियमाने ठरवले? आणि मी उद्या पुन्हा येणार त्या खेपेची मजुरी कोणाच्या खात्यावर लिहावयाची? हा प्रश्न एकाने विचारला तर त्याला हटवादी म्हणतील. रांगेतल्या निम्म्याहून अधिक लोकांनी विचारला तर गणपूर्ती होईल, आणि मग उत्तर द्यावेच लागेल.